विषयाचा चहा

घर कसं आहे ते भिंतींवरून कळत नाही, चहावरून कळतं, असं भिमाजीतात्यांचं मत होतं आणि ते मत ते कुणी मागितलं नाही तरी देत असत. गावातल्या साठ-पासष्ट घरांचा चहा त्यांच्या डोक्यात नावनिशीवार लावलेला होता. सोनीबाईच्या घरी पाण्याला उकळी फुटायच्या आत पत्ती पडते, त्यामुळं तिथला चहा दिसायला काळा आणि प्यायला कच्चा. माणसंही तशीच, शब्द लगेच देणारी आणि नंतर विचार करणारी. झुंबरबाई दूध सढळ हातानं घालते, पण साखरेच्या डब्याशी गेली की तिचा हात आखडतो. जानकूच्या घरी सकाळच्या पत्तीवरच दुपारी पाणी ओततात. पाहुणा दिसला की जानकू अंगणातूनच ओरडतो, 'पेशल टाक गं.' पेशल म्हणजे आल्याचा एक तुकडा जास्त, पत्ती तीच.

नारायणगावला टोमॅटोची गाडी लावून उभ्याउभ्या प्यायचा तो कटिंग तात्यांच्या हिशेबी चहाच नव्हता, तोंड ओलं करायचं निमित्त होतं. आळेफाट्याच्या हॉटेलांतलं पातेलं तर सकाळी चढतं ते दिवसभर उतरतच नाही. जेवढ्या एसट्या थांबतील तेवढ्या वेळा त्यात भर पडते. तसला चहा ड्रायव्हरनं प्यावा, त्याला पुढं जागायचं असतं.

खरा चहा एकच, तो तात्यांच्या स्वतःच्या घरचा. म्हशीचं दूध, धार काढून तास झाला नसेल असं. जेवढं पाणी तेवढंच दूध. पाणी खळखळलं की आधी साखर, साखर विरघळली की पत्ती, मग आलं. आलं ठेचायचं, किसायचं नाही. किसलेल्या आल्याचा चोथा जिभेवर येतो. दूध पडलं की तीन उकळ्या. तिसरी कडेला आली की पातेलं खाली उतरवून वर ताट झाकायचं आणि शंभर आकडे मोजायचे. त्यांची बायको साळुबाई चाळीस वर्षं हे सगळं असंच करत आली होती. आकडे मात्र ती मोजल्यासारखं करायची, हे तात्यांना माहीत नव्हतं.

गुळाच्या चहाचं नाव निघालं की तात्या हातानंच तो विषय झटकत. गूळ आणि दूध एका भांड्यात गेलं की चहा फुटणारच. गुळाचा प्यायचा तर कोरा प्यावा. न फुटलेला गुळाचा चहा कुणी दाखवलाच तर गूळ भेसळीचा आहे, असं ते म्हणत. म्हणजे चहा फुटो न फुटो, खरं तात्यांचंच.

भीमनगर सोडलं तर गावात एकाच घराचा चहा त्यांना ठाऊक नव्हता, आणि ते घर अगदी शेजारचं होतं. तात्यांच्या उसाला लागून केशरबाईचं दीड एकर रान. घर आधी भीमनगरात होतं. दहा वर्षांपूर्वी तिनं रानात नवं बांधलं. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो वारला. ती स्वतः अंगणवाडीत मदतनीस होती, आता निवृत्त. मुलगा रत्नदीप आळेफाट्याला ट्रकच्या टायरांचं दुकान चालवतो, आणि सून प्रतीक्षा टोमॅटोचं रान बघते. घर बौद्धांचं. तात्या जातीचं नाव कधी तोंडातून काढत नसत. उलट गावसभेत 'आपण सगळे एकच' हे वाक्य त्यांच्याच वाट्याला यायचं आणि ते म्हणायचेही चांगलं, आवाज थोडा खाली आणून. फक्त केशरबाईच्या घरी कपबशी समोर आली की ते म्हणत, "आत्ताच घेतला."

केशरबाईनं ते सगळं लक्षात ठेवलं होतं. तारखा नाहीत, पण प्रसंग बरोबर. रत्नदीपच्या लग्नात तात्यांना पित्त झालं होतं. घरभरणीला संकष्टी होती. उपवासाला चहा चालतो, असं तिनं तिथल्या तिथं म्हटलं, तर तात्या म्हणाले, आमच्यात नाही चालत. कंडक्टर आजारी होता तेव्हा तात्या दोनदा बघायला आले, तासभर बसले, चांगलं बोलले, आणि दोन्ही वेळा आत्ताच घेऊन आलेले होते. चौदा एप्रिलला ते न चुकता येत, हार घालत, सगळ्यांबरोबर फोटोला उभे राहत. तिथं चहा नको म्हणत, पण थंड्याची बाटली घेत. बाटलीचं झाकण मात्र स्वतःच्या हातानं उघडत.

हे असंच चाललं असतं, पण यंदाच्या पावसात ओढ्यावरची मोरी खचली. तात्यांचा साडेतीन एकर ऊस मोरीच्या पलीकडं अडकला. मोरीचं काम मंजूर होतं. मंजूर झालेलं काम जसं असतं तसं ते मंजूरच होतं. नोव्हेंबरात कारखान्याची तोड आली. टोळीचा मुकादम येऊन रान बघून गेला आणि जाताना त्यानं सांगितलं, की ट्रॅक्टर उसाला लागणार असेल तर गुरुवारी कोयता लावतो. लागणार नसेल तर टोळी पुढच्या गावाला जाईल आणि इकडं फिरेल ती फेब्रुवारीत. फेब्रुवारीपर्यंत ऊस उभा ठेवायचा म्हणजे तुरे मोजत बसायचं आणि वजन उतरताना बघायचं. ट्रॅक्टरला दुसरी वाट एकच होती, केशरबाईच्या बांधाला धरून. तिचे टोमॅटो नुकतेच उपटले होते, बांधाकडेची दहा फुटांची पट्टी मोकळी होती.

आता गावची एक रीत सांगायला हवी, कारण ती तात्यांनीच बसवलेली. बांधाची, वाटेची, पाण्याच्या पाळीची भांडणं मिटवायला त्यांनाच बोलवत. बोलणं पुरं झालं की एकाच पातेल्यातला चहा दोन्ही बाजूंनी घ्यायचा. त्याला 'विषयाचा चहा' म्हणत. कप रिकामे झाले की तात्या मांडीवर हात आपटून म्हणत, "चहा झाला, विषय मिटला." मग तो विषय कुणी काढायचा नाही, पोरांनी नाही आणि नातवंडांनीही नाही. जानकूचं त्याच्या चुलतभावाशी एका आंब्यावरून भांडण होतं. त्या बैठकीत चुलतभाऊ अर्धा कप तसाच ठेवून उठला. तेव्हापासून सहा वर्षं तो आंबा दोघांपैकी कुणी उतरवत नाही, माकडं खातात. कागदावर सही करून मुकरलेली माणसं गावात आहेत. चहा पिऊन मुकरलेलं कुणी नाही.

तेव्हा तात्यांचा हिशेब सरळ होता. नुसती वाट मागितली तर ती यंदापुरती मिळेल, तीही मेहरबानी म्हणून. चहा घेतला तर वाट कायमची. एका कपात जन्माची वाट येत असेल तर एक कप नरड्याखाली लोटायला ते तयार होते. बुधवारी सकाळी त्यांनी घरचा चहा नको म्हटला. त्या घरात हे प्रथमच घडत होतं, म्हणून साळुबाईनं बरं नाही का विचारलं.

"केशरबाईकडं जायचंय. तिथं घ्यायचा म्हणतो आज," तात्या म्हणाले. गडावर निघालेल्या माणसासारखा त्यांचा आवाज होता.

"घ्या की," साळुबाई म्हणाली. "गुळाचा असतो तिच्यात. गवती चहाची पात टाकती, आन् दूध मागनं."

तात्यांचा एक पाय चपलेत गेला होता, दुसरा तसाच राहिला. "तुला काय ठावं?"

साळुबाई ओटा पुसायला लागली. तो आधीच पुसलेला होता. बचत गटाची बैठक दर महिन्याला केशरबाईकडं होते, नऊ वर्षं झाली, हे तात्यांना माहीत होतं. बैठकीला बसलेल्या बायका नुसती हजेरी लावून उठत नसणार, हे मात्र त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. नऊ वर्षं, महिन्याला एक. शंभराच्या वर कप होतात. मग त्यांना हेही आठवलं की नात श्रेया अंगणवाडीत होती तेव्हा दोन वर्षं तिला खिचडी केशरबाईच वाढायची, आणि श्रेया घरी येऊन तसलीच कर म्हणून रडायची. पुढं आठवायला गेलं तर घरात आपण एकटेच उरू असं दिसलं, म्हणून तात्यांनी दुसरा पाय चपलेत घातला आणि निघाले.

केशरबाई पडवीत मेथी निवडत बसली होती. रत्नदीप दुकानाला निघायच्या बेतात होता, तात्यांना बघून थांबला. खुर्ची आली. पाऊस, बाजारभाव, मोरी असं बोलून झालं आणि तात्यांनी विषय काढला. आजवर ते तिला अगं-तुगं करत आले होते, नावाला 'बाई' लावूनही. आज ते 'तुमी' म्हणाले. तुमी बांधाकडंची पट्टी दिली तर गाडी लागंल, तुमचं नुकसान व्हणार न्हाई, चाकोऱ्या मी बुजवून देतो. रत्नदीपनं आईकडं पाहिलं. त्याच्या कानाला तो 'तुमी' लागला होता.

तात्यांची तयारी तासाभराची होती. ती म्हणेल ठिबकच्या नळ्या फुटतील, मग आपण म्हणू नळ्या बाजूला घेऊ, असं सगळं त्यांनी वाटेत मांडून ठेवलं होतं. केशरबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, न्या की गाडी. ऊस उभा ठेवून कुणाचं भलं झालंय.

एवढंच. काम झालं होतं, आणि तात्या अडचणीत आले होते. चहाचं नाव निघालं नव्हतं. ते उठेनात. त्यांनी पुन्हा मोरीचं काढलं. आतून गॅसचा आवाज आला, मग पातेल्याचा, आणि गवती चहाचा वास पडवीत आला तेव्हा तात्या जरा सैल होऊन टेकले.

प्रतीक्षा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये तीन कप होते आणि एक पाण्याची बाटली, नवी, सील न तोडलेली. तिनं एक कप सासूला दिला, एक रत्नदीपला, तिसरा स्वतःसाठी कट्ट्यावर ठेवला, आणि बाटली अदबीनं तात्यांच्या खुर्चीपाशी स्टुलावर ठेवली.

"काल तुमी येणार म्हणून निरोप आला," केशरबाई म्हणाली, "तवा रत्नदीपला म्हणलं फाट्यावरनं बाटली घेऊन ये. तात्या चहा घेत न्हाईत."

तिच्या बोलण्यात टोमणा शोधायला गेलं तर सापडत नव्हता. पाहुण्याचं पथ्य सांभाळावं तसं तिनं ते सांभाळलं होतं. रत्नदीप बशीत फुंकर घालत होता आणि मान वर करत नव्हता. तात्या बाटलीकडं पाहत राहिले. गावात आजवर त्यांच्यावर चहाचा आग्रह झाला होता, जबरदस्ती झाली होती, शपथा घातल्या गेल्या होत्या. चहा मागायची पाळी आली नव्हती. गावात चहा कुणी मागत नाही. मागणारा तो चहाटळ, नाहीतर घरात ज्याला कुणी विचारत नाही असा. चहा पुढं येतो आणि आपण नको-नको म्हणत घ्यायचा असतो. आणि इथं तर नको म्हणायलाही जागा ठेवली नव्हती.

ती उठून जायला सांगत नव्हती. गाडी उद्या येणार होती. बाटली घेऊन, नमस्कार करून निघालं असतं तर यंदाचा ऊस कारखान्याला गेला असता. पुढच्या वर्षी पुन्हा हीच खुर्ची. तात्यांनी समोरच्या कपांतली वाफ बघितली. सकाळपासून पोटात चहा नव्हता, डोकं ठणकायला लागलं होतं, हे आणखी एक.

"केशरबाई," ते शेवटी म्हणाले, "मलाबी द्या घोटभर."

"तुमी आत्ताच घेतला असंल की."

"न्हाई. सकाळधरनं घेतला न्हाई."

केशरबाईनं आपला कप खाली ठेवला. मग प्रतीक्षाला म्हणाली, पातेल्यात आहे का. पातेल्यात नव्हता, तिघांपुरताच टाकला होता. ठेव मग परत, ती म्हणाली, आणि तात्यांकडं वळून विचारलं, "कसा घेता तुमी?"

हा प्रश्न तात्यांना गावात कुणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत असायचं. म्हशीचं दूध, आधी साखर, ठेचलेलं आलं, तीन उकळ्या, हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "तुमच्यात व्हतो तसा."

मग दहा मिनिटं गेली. पडवीतून स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता आणि तात्यांना दुसरीकडं बघणं जमेना. प्रतीक्षानं पाणी ठेवलं, त्यात गुळाचा खडा टाकला, गवती चहाची दोन पाती गाठ मारून सोडली. गूळ विरघळून पाण्याला रंग आला तेव्हा पत्ती. दूध दुसऱ्या शेगडीवर वेगळं तापत होतं. चहाला उकळी आली, पण तिनं दूध घातलं नाही. गॅस बंद केला. पातेलं खाली घेतलं. उकळीचे बुडबुडे बसेपर्यंत ती कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहिली, आणि मग गरम दूध वरून धरलं. तात्या मान लांबवून बघत होते. चाळीस वर्षं ते ज्या फुटण्याची ग्वाही देत आले होते ते फुटणं आलं नाही. चहा तांबूस, दाट, सबंध होता.

कप आला. तात्यांनी पहिला घोट घेतला तो विषयासाठी घेतला. दुसरा घेतला तेव्हा जिभेनं आपलं काम सुरू केलं होतं: गोडी घशाला चिकटत नव्हती, मागून गवती चहा येत होता, दूध गाईचं होतं आणि तरी पातळ लागत नव्हतं. ऊन सरकून पायावर आलं. त्यांनी कप पुरा केला.

"फुटला न्हाई," ते म्हणाले. याहून मोठी कबुली त्यांच्याजवळ नव्हती.

"खाली उतरवून दूध घातलं की न्हाई फुटत," केशरबाई म्हणाली. "साळुबाईंला म्हाईत हाये. त्यांनीच एकदा पत्ती कमी घालायला शिकवलं आमाला."

रत्नदीपला ठसका लागला. तात्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कप बशीत ठेवला, मांडीवर हात आपटला आणि खुर्चीत सरळ झाले.

"बरं मग. चहा झाला."

वाक्याचा पुढचा अर्धा भाग समोरच्यानं मान डोलावली की म्हणायचा असतो. केशरबाईनं मेथीची जुडी पुन्हा मांडीवर घेतली.

"चहा झाला," ती म्हणाली. "विषय ऱ्हायला."

"म्हंजी?"

"गाडीचं मी चहाच्या आधीच बोलले. उद्या न्या, यंदाचा सगळा ऊस न्या. ते बोलणं माझं हाये आन् ते मोडणार न्हाई. पण तुमचा जो कायमचा असतो ना चहा, त्यो ह्यो न्हवं. ह्यो तुमी मागितला, मी दिला. पावण्यानं मागितला तर देतो आमी." तिनं एक देठ मोडला. "पुढल्या साली तोड आली की या. इचारा. तवाचं तवा बघू."

"दरसाल इचारायचं?"

"मोरी झाली तर कशाला येताल?"

तात्यांनी रत्नदीपकडं पाहिलं, बाप्यामाणसाकडं दाद मागावी तसं. रत्नदीप गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, रान आईच्या नावावर आहे, तात्या. आणि दुकानाला निघून गेला.

गुरुवारी टोळी आली. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर केशरबाईच्या बांधाला धरून आठ दिवस ये-जा करत राहिला. चाकोऱ्या पडल्या त्या तात्यांनी सांगितल्याप्रमाणे बुजवून दिल्या, उभं राहून. त्या आठ दिवसांत प्रतीक्षानं टोळीतल्या बायकांना तीन वेळा चहा दिला. तात्या बांधावरच असायचे. त्यांना ती एकदा हाक मारायची, आणि ते कधी यायचे, कधी हातानंच नको म्हणायचे. कारण सांगत नसत. घरी चहा पूर्वीसारखाच होत होता, तीन उकळ्यांचा. साळुबाईनं एकदा विचारलं, करायचा का गुळाचा, तर त्यांनी पेपर वाचत असल्यासारखं केलं. पेपर कालचा होता.

ही गोष्ट तिथंच राहिली असती. पण पडवीतलं बोलणं रत्नदीपच्या दुकानातून आळेफाट्याला गेलं आणि तिथून गावात परत आलं, आल्यावर थोडं वाढलेलं होतं. जानेवारीत स्वराज आणि त्याचा थोरला भाऊ यांचा विहिरीच्या पाळीवरून वाद झाला, आणि नेहमीप्रमाणे तात्यांना बोलावलं गेलं. तात्यांनी दोघांना झापलं, दिवस वाटून दिले, दोघांनी माना डोलावल्या. चहा आला. थोरल्यानं कप उचलला. स्वराजनं उचलला नाही.

"तात्या, आधी येक सांगा," तो म्हणाला. "ह्यो कायमचा हाये का केशरबाईचा?"

बसलेल्या माणसांत कुणीतरी खाकरलं. जानकू तर तोंडावर उपरणं धरून भिंतीकडं वळला. थोरल्या भावानं हातातला कप हळूच परत ट्रेमध्ये ठेवला. प्रश्न आपल्याला आधी सुचला असता तर बरं झालं असतं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. सगळे तात्यांकडं बघायला लागले. बसायच्या आधी ठरवायची गोष्ट होती ही, असं काहीतरी तात्या पुटपुटले.

मग म्हणाले, "तुमचं तुमी ठरवा."

दोघं भाऊ ठरवायला बसले. एक साल का तीन सालं, मोटर जळाली तर कुणी बघायचं, उन्हाळ्यात पाणी उतरलं तर दिवस कसे फिरवायचे, असे जे प्रश्न चहाच्या धाकानं आजवर कुणी काढत नसत ते सगळे निघाले. दुपार कलली. ट्रेमधला चहा दोनदा आत नेऊन गरम करून आणला. गरम केलेल्या चहाबद्दल तात्यांचं मत सगळ्या गावाला पाठ होतं, पण दुसऱ्यांदा कप समोर आला तेव्हा त्यांनी तो निमूट घेतला आणि त्यावर आलेली साय बोटानं बाजूला केली.